एकोणचाळीस नऊ

१

दर शनिवारी दुपारची जेवणं झाली की मी प्रोफेंकडे, माझ्या जुन्या सरांकडे, जायची. त्या वेळी व्हिल्यारिकाच्या रस्त्यांवर कुत्रंसुद्धा दिसत नाही. दुकानांची दारं ओढलेली असतात, खिडक्या लावलेल्या असतात, आंब्यांखाली घोडागाड्यांची घोडी उभ्या उभ्या पेंगत असतात. सगळं गाव झोपलेलं. प्रोफे लिब्रादो बेनेगास मात्र नेमके त्याच वेळी टक्क जागे असत. त्यांच्या धाकट्या बहिणीला, दोन्या दामियानांना, म्हणजे दामियानाबाईंना, निदान तेवढा वेळ पाठ टेकता यावी म्हणून मी जाऊन बसायची.

मी विद्यापीठात जे गणित शिकवते ते प्रोफेंनीच मला शिकवलं. दोन वर्षांपूर्वी ईस्टरच्या आठवड्यात त्यांना झटका आला, त्यात उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. डोळे मात्र पहिल्यासारखेच होते. मी पेपर वाचून दाखवायची. आधी फुटबॉल, मग राजकारण. ग्वारानी क्लब हरला की ते डाव्या हाताने खुर्चीचा दांडा आपटत. राजकारणाला डोळे मिटून घेत.

सप्टेंबरातला शनिवार होता. उत्तरेकडचा गरम वारा सुटला होता आणि अंगणातली लाल माती दाराच्या फटीतून आत येत होती. मी पान उलटत होते.

"चार," प्रोफे म्हणाले.

मी पेपर खाली ठेवला.

"एक," ते म्हणाले. "सात. सात. शून्य."

आवाज त्यांचाच होता, वर्गात घुमायचा तसाच स्वच्छ. पण ते माझ्याकडे बघत नव्हते. मान किंचित कलती करून ते शेजारच्या खोलीच्या बंद दाराकडे बघत होते. ती त्यांची अभ्यासिका. झटका आल्यापासून दामियानांनी ती बंदच ठेवली होती.

२

"दोन वर्षं मी ह्याला भरवते, पुसते, कूस बदलते," दामियाना म्हणाल्या. "आणि तोंड उघडलं तर काय निघालं? चार."

त्या हसत होत्या, पण डोळे एप्रनच्या कोपऱ्याने टिपत होत्या. दामियानांनी चाळीस वर्षं औषधाचं दुकान चालवलं होतं. लग्न केलं नाही, भावानेही केलं नाही. त्या घरात दोघंच राहत आली होती.

"डॉक्टर काय म्हणाले?"

"म्हणाले, असं होतं. वाचा गेली तरी पाठ केलेलं कुठेतरी उरतं. कोणाची प्रार्थना उरते, कोणाची शिवी उरते. ह्याचे आकडे उरले. अगं पेर्ला, मी त्याच्यासमोर उभी राहून विचारलं, माझं नाव काय? तर हात वर केला. गप्प बस म्हणून."

तो हात मीही पाहिला होता. मला खोकला आला तेव्हा प्रोफेंनी डावा तळवा उभा धरला होता. ऐकताना मध्ये कोणी बोललं की माणूस धरतो तसा. बाहेरून मोटरसायकल गेली तेव्हा त्यांच्या कपाळावर आठी पडली, ते थांबले, मान अजून कलती झाली, आणि आवाज लांब गेल्यावर पुन्हा सुरू झाले. आकडे घाईने येत नव्हते. साधारण सेकंदाला एक, पण प्रत्येक आकड्याआधी एक बारीकशी वाट बघितल्यासारखी.

डॉक्टरांचं म्हणणं मला पटलं होतं. पण दुपारीच फोनवर मी सगळं रेकॉर्ड करून घेतलं होतं. का, ते तेव्हा सांगता आलं नसतं.

३

आमच्या विभागात 'लिब्रादोंची संख्या' सगळ्यांना माहीत आहे. ही चाळीस अंकी मूळ संख्या आहे. स्वतः ती आणि एक सोडून तिला कशानेही भाग जात नाही. गावात संगणक नव्हता तेव्हा तरुण लिब्रादोंनी ती शोधली आणि ती मूळ आहे हे कागद-पेन्सिलीने सिद्ध केलं. दर वर्षी पहिल्या तासाला ते ती फळ्यावर लिहीत आणि मग म्हणत, "आता हिला राहू द्या. एकाला साताने भागा."

आम्ही भागायचो. शून्य पूर्णांक एक चार दोन आठ पाच सात, आणि पुन्हा तेच, कायम.

"पहिले तीन घ्या, एक चार दोन. पुढचे तीन घ्या, आठ पाच सात. आता एकाखाली एक मांडून बेरीज करा."

एक आणि आठ नऊ. चार आणि पाच नऊ. दोन आणि सात नऊ.

"अर्ध्यावर आलं की ती स्वतःलाच उत्तर द्यायला लागते," प्रोफे म्हणायचे. "माझी संख्या तशीच वागते. एकाला तिने भागलं की आधी एकोणचाळीस शून्यं येतात, मग बाकीचे अंक. त्यामुळे बरोबर अर्ध्यावर एकोणचाळीस नऊ आहेत, सलग. तिथे कोणी जाणार नाही. विश्वाचं वय सेकंदांत लिहिलं तर अठरा अंकांत संपतं, आणि इथे चाळीस लागतात. पण ते नऊ तिथे आहेत."

रविवारी सकाळी मी रेकॉर्डिंग लावून बसले. शंका तपासणं अवघड नव्हतं. त्यांनी म्हटलेले अंक ह्याच भागाकारातले असतील, तर पुरेसे सलग अंक घेऊन पुढचे काय यायला हवेत ते काढता येतं. मी काढले. सुरुवातीचे एकूण एक जुळले.

मी उठून खिडकी उघडली. बाहेर शेजारीण अंगण झाडत होती. म्हणजे म्हातारा मनातल्या मनात भागाकार करतोय, मी स्वतःला सांगितलं. चाळीस अंकी बाकी डोक्यात धरून. कठीण आहे, पण अशी माणसं होऊन गेली आहेत.

मग मी मोटरसायकलच्या जागी आले. तिथून पुढचे अंक जुळेनात. मला बरंच वाटलं, खरं सांगते. इथे चुकले बिचारे. पण मोटरसायकल गेल्यानंतरचे अंक वेगळे तपासले तर ते आपापसात पुन्हा चोख होते. मधल्या गप्प वेळात जितके अंक बसले असते तितके सोडून पुढे गेलं की सगळं सांधलं जात होतं.

मनात भागाकार करणारा माणूस थांबला, तर थांबला तिथून पुढे सुरू करतो. प्रोफे तसं करत नव्हते. मोटरसायकलच्या आवाजात त्यांना मधले अंक ऐकू आले नव्हते.

४

असुन्सिओनला माझा वर्गमित्र एव्हेलिओ आहे. त्याच्या विभागात मोठा संगणक आहे आणि त्याला प्रोफेंची संख्या आमच्या सगळ्यांपेक्षा चांगली ठाऊक आहे, कारण तिच्यावर विनोद करून तो एकदा वर्गाबाहेर गेला होता. मी त्याला अंक पाठवले आणि विचारलं, हे भागाकारात कितव्या जागेवर येतात?

तीन दिवसांनी त्याचा फोन आला.

"म्हाताऱ्याने तुला चांगलंच बनवलंय," तो म्हणाला. "अगदी अर्ध्याच्या जवळ आहे. थोडंच राहिलंय."

"हे कसं शक्य आहे?"

"अगं, सोपं आहे. अर्ध्यावर बाकी किती उरते ते आपल्याला माहीत आहे. तिथून उलटं मागे यायचं, पेन्सिलीने. चिकाटी हवी, ती त्याच्याकडे पोत्याने आहे. तरुणपणी केलं असेल, पाठ केलं असेल, आता तेच बाहेर पडतंय. भुताखेताचं काही नाही, पेर्ला. जाऊन झोप."

हे मला पटलं. खरंच पटलं. मी त्या रात्री नीट झोपले.

पुढच्या शनिवारी मी पोचायच्या आधीच प्रोफे सुरू झाले होते. दामियानांना विचारलं तर म्हणाल्या, आठवडाभर फक्त दुपारचंच चालतं. गाव शांत झालं की सुरू होतं आणि रस्ता जागा झाला की थांबतं. मी पुन्हा रेकॉर्ड केलं, पुन्हा पाठवलं. ह्या वेळी एव्हेलिओचा फोन लवकर आला.

"तू मला खरं सांग," तो म्हणाला. "मध्ये ते किती वेळ बोलले? रोज?"

"दुपारचे दोनेक तास."

"दोन शनिवारांच्या जागांमधलं अंतर मी काढलं. त्यांच्या चालीने, अजिबात न थांबता, रात्रंदिवस एक आठवडा मोजलं तर जेवढं होईल तेवढं आहे. अंदाजे नाही गं. तेवढंच."

मी पेपरच्या कडेला गुणाकार करून बघितला.

"म्हणजे ते गप्प असताना पण पुढे जातंय," एव्हेलिओ म्हणाला. "पाठ केलेलं असं करत नाही."

"नाही."

"येत्या गुरुवारी दुपारी नऊ येतील. ह्या चालीने." मग थोड्या वेळाने, "पेर्ला, एक कर. मला पुढचे अंक पाठवू नकोस. आणि तू पण तिथे जाऊ नकोस."

"दामियाना एकट्या आहेत."

"मला माहीत आहे," तो म्हणाला. त्याने फोन ठेवला नाही, मीही ठेवला नाही. शेवटी त्याच्याकडे कोणीतरी दार वाजवलं.

५

दामियानांना मी सगळं सांगितलं. गणित सोडून सांगितलं. म्हटलं, प्रोफे काहीतरी ऐकून म्हणतात असं वाटतंय, आणि गुरुवारी त्यातला एक टप्पा येणार आहे.

त्या भाजी चिरत होत्या. चिरत राहिल्या.

"अभ्यासिकेतून," त्या म्हणाल्या.

"तुम्हालाही ऐकू येतं?"

"मला काही ऐकू येत नाही. पण हा तिकडेच बघतो ना. झटका आला तेव्हा तिथेच होता, त्या वेताच्या खुर्चीत. मी दार उघडलं तर हा जमिनीवर, आणि खुर्ची अजून करकरत होती. कोणी नुकतं उठल्यावर वेत करकरतं बघ, तशी. मी म्हटलं, हाच पडलाय तिच्यावरून. दुसरं कोण असणार? पण हा खिडकीपाशी पडला होता. खुर्ची पार ह्या भिंतीला."

सुरी थांबली.

"त्या टप्प्यानंतर काय होतं?"

"काही नाही. आधी येऊन गेलेला प्रत्येक अंक पुन्हा येतो, पण उलटून. जिथे शून्य होतं तिथे नऊ. जिथे आठ होता तिथे एक."

"उलटून," दामियाना म्हणाल्या. त्यांनी एप्रनला हात पुसले. "मग त्या वेळी तो ऐकायला नको. मी त्याला झोपेचे थेंब देते. चाळीस वर्षं लोकांना दिलेत, माझ्या भावाला एकदा देईन."

हा विचार मलाही सुचायला हवा होता. इतका साधा आणि शहाणा होता. मी त्यांना म्हटलं, मी येते.

"ये," त्या म्हणाल्या. "एकटीला नको वाटतं."

६

गुरुवारी वारा पडला होता. अंगणातलं पानही हलत नव्हतं. प्रोफेंनी सूप घेतलं, त्यातून थेंब घेतले, आणि आम्ही दोघींनी त्यांना पलंगावर निजवलं. त्यांनी माझं मनगट डाव्या हाताने धरलं आणि माझ्याकडे बघितलं. दोन वर्षांत इतकं सरळ बघितलं नव्हतं. काहीतरी सांगायचं होतं. मग पकड सैल झाली, डोळे मिटले, आणि ते घोरू लागले.

दामियानांनी माझ्याकडे बघून मान हलवली. आम्ही दोन खुर्च्या घेऊन बसलो. एक पलंगाच्या उशाशी, त्यांची. एक पायाशी, माझी. माझ्या पाठीमागे अभ्यासिकेचं दार.

प्रोफेंचे ओठ मिटलेले होते. घरात एवढंच ऐकू येत होतं: घोरणं, स्वयंपाकघरातल्या फ्रिजची घरघर, तापलेल्या छपराच्या पत्र्याचं मधूनच टणकणं. मला हायसं वाटलं. वाटलं, संपलं. कोणी ऐकायला नाही म्हटल्यावर काय होणार आहे?

"नऊ."

अगदी जवळून. मी दामियानांकडे बघितलं. त्यांनी ऐकलं होतं. त्यांचा चेहराच सांगत होता.

"नऊ. नऊ. नऊ."

प्रोफेंचे ओठ हलले नव्हते. मी त्यांच्या तोंडावर वाकून बघितलं. ते घोरत होते, आणि घोरण्यावरून आवाज येतच होता, सावकाश, एकासारखा एक. पाठीमागच्या दारातून येत होता. मला तसंच वाटलं, हे मी शपथेवर सांगू शकते. मी मोजायला लागले. एकोणचाळीस असतील तर आपलं गणित बरोबर, एकही कमी असेल तर हा सगळा भास; असा काहीतरी हिशेब माझ्या डोक्यात होता. त्या क्षणी बुद्धीला धरायला दुसरं काही नव्हतं.

वीस झाले तेव्हा मी उठले. दाराची कडी गंजली होती, दोन्ही हातांनी ओढावी लागली. आत कोंदट वास, पुस्तकांवर लाल धूळ, खिडकीच्या फटीतून उन्हाची एक पट्टी. वेताची खुर्ची भिंतीला लागून होती, तोंड भिंतीकडे. तिच्यावर धूळ नव्हती. बैठकीचं वेत खाली वाकलेलं होतं, आणि मी बघत असताना ते करकरत हळूहळू वर आलं.

खोलीत आवाज नव्हता. आवाज माझ्याबरोबर होता. मी वळले तर तो वळला.

"नऊ," तो म्हणाला, "नऊ, नऊ," आणि मला पलंगापलीकडे दामियाना दिसल्या. त्या उभ्या राहिल्या होत्या, हात तोंडावर दाबून. खोलीकडे बघत नव्हत्या, खुर्चीकडे नाही, भावाकडेही नाही.

माझ्याकडे बघत होत्या.

७

एकोणचाळीस भरले. मग एक दुसरा अंक आला, मग अजून एक, आणि मला पुढचं नीट आठवत नाही. आठवतं ते एवढंच की संध्याकाळी प्रोफे जागे झाले, उठून बसले, आणि म्हणाले, "माफ करा, हे घर कोणाचं आहे?"

त्यांचा उजवा हात पांघरुणावरून फिरत होता. डावा मेलेल्या पाखरासारखा पडला होता.

डॉक्टर म्हणाले, दुसरा झटका, ह्या वेळी दुसऱ्या बाजूला. वाचा कशी परतली ते सांगता येत नाही, पण मेंदूचं काही सांगता येत नाही, असंही म्हणाले. प्रोफे आता दिवसभर बोलतात. इतकं मधुर, इतकं अदबीने की परिचारिका ऐकत उभ्या राहतात. पण हाताची बोटं किती, असं विचारलं तर बोटांकडे बघून ओशाळतात. आणि दामियानांना ते ओळखत नाहीत. डोळ्यांनीसुद्धा नाही.

नोव्हेंबरात मी गेले तेव्हा दामियाना अंगणात आंब्याखाली तेरेरेचा, पाल्याच्या थंड चहाचा, पेला घेऊन बसल्या होत्या. बर्फाच्या पाण्याची किटली पायाशी. त्यांनी मला बसायला खुणावलं, पण आत चल म्हणाल्या नाहीत.

"काल त्याने मला विचारलं, सेन्योरा, तुम्हाला भावंडं आहेत का," त्या म्हणाल्या. "मी म्हटलं, एक भाऊ होता. म्हणाला, कसा होता? मी तासभर सांगत होते. त्याला फार आवडलं. म्हणाला, अशा माणसाला भेटायला हवं होतं."

त्यांनी पेला भरला, नळीने पहिला घोट स्वतः घेतला.

"मी आत जाऊ का? पाच मिनिटं."

"नको गं, पेर्ला." त्यांचा आवाज मऊ होता. "तुझ्यावर राग नाही. पण मागच्या खेपेला तू गेल्यावर तो थरथरत होता. म्हणाला, त्या बाई सारखं पुटपुटत असतात."

"मी?"

"मी म्हटलं, अहो, त्या गणिताच्या बाई आहेत. गणितवाले पुटपुटतात."

"मी पुटपुटत नाही, दोन्या दामियाना."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. दुकानात आजार विचारायच्या आधी गिऱ्हाइकाकडे बघायच्या तसं, शांतपणे, चेहऱ्याच्या खालच्या भागाकडे. मी बोलून गप्प झाले होते, तरी त्या बघतच राहिल्या.

मग त्यांनी पेला पुन्हा भरला आणि माझ्या हातात दिला.

"घे," त्या म्हणाल्या. "पिताना तरी थांबतं."